रजा टाकून विधिमंडळात

अमेरिकेत मुख्यतः ६५ वर्षांवरील नागरिकांना मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा मिळतो. १९७२ मध्ये त्यात स्पीच थेरपी आली, पण स्वतःच्या पायावर नव्हे. कायद्यात ‘बाह्यरुग्ण फिजिओथेरपी’ची जी व्याख्या होती, तिच्याच पोटात स्पीच थेरपी घालून काम भागवले गेले. पंचवीस वर्षे या शब्दयोजनेकडे फारसे कुणी पाहिले नाही. १९९७ मध्ये तूट कमी करण्यासाठी तिथल्या संसदेने थेरपीच्या खर्चावर वार्षिक मर्यादा घातली, तेव्हा मात्र ती नडली. ऑक्युपेशनल थेरपीच्या वाट्याला वर्षाला १,५०० डॉलर आले, तर फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी या दोघींना मिळून १,५००. कागदावर ही बाब किरकोळ दिसते. पण पक्षाघाताचा रुग्ण डोळ्यांसमोर आणावा. उजवा हात-पाय लुळा पडणे आणि वाचा जाणे हे पुष्कळदा एकदमच घडते, कारण बहुतेकांच्या मेंदूत या दोन्हींची सूत्रे डाव्या भागाकडे असतात. अशा माणसाला चालायलाही शिकायचे असते आणि बोलायलाही. पलंगावरून उठून चार पावले टाकण्याच्या सरावात जे पैसे संपतात, ते नातवाचे नाव उच्चारण्याच्या सरावातून वजा होतात. कोणत्या थेरपीला किती द्यायचे हे रुग्णाची गरज पाहून नव्हे, तर व्याख्येतल्या वाक्यरचनेवरून ठरले.

ही गोष्ट संसदेला सांगितली कुणी? वॉशिंग्टनमधल्या पगारी लॉबिस्टांनी सांगितलीच. पण खासदारांच्या मतदारसंघांत, राज्यांच्या राजधान्यांत आणि समित्यांपुढे ती वर्षानुवर्षे सांगत राहिल्या त्या कामावरून रजा काढून आलेल्या थेरपिस्ट. या स्वयंसेवी पाठपुराव्याची मजल कुठवर जाते, त्याच्यावर विश्वास कधी ठेवावा आणि त्यातले कोणते प्रश्न अजून सुटायचे आहेत, याचा हा आढावा आहे. हाती असलेल्या उदाहरणांवरून मला एक गोष्ट दिसते. थेरपिस्टचे हित आणि रुग्णाचे हित एकाच दिशेला आहे हे दाखवता येते, तिथे हे स्वयंसेवक संख्येच्या आणि पैशाच्या मानाने फार मोठे काम करून जातात. जिथे ही दोन हिते वेगळी होतात, तिथे उत्साह कामी येत नाही, आणि तसा तो कामी येऊ नये हेच बरे.

पन्नास विधिमंडळांचा व्यवसाय

अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन, म्हणजे ‘आशा’, १९२५ मध्ये आयोवात जेमतेम पंचवीस सभासदांनी सुरू केली. आज तिच्याशी जोडलेल्यांची संख्या सव्वादोन लाखांच्या पुढे गेली आहे. अशी मोठी राष्ट्रीय संस्था असताना राज्याराज्यांत स्वयंसेवकांची गरज का पडावी? कारण व्यवसायाचा परवाना हा तिथे केंद्राचा विषय नाही. १९६९ मध्ये फ्लोरिडाने या व्यवसायासाठी पहिला परवाना कायदा केला आणि बाकीच्या राज्यांना त्याच्या मागे यायला चार दशके लागली. स्पीच थेरपिस्टपैकी निम्म्याहून अधिक शाळांत काम करतात. १९७५ च्या केंद्रीय कायद्याने अपंग मुलांच्या शिक्षणाची हमी दिली, पण पगार, पदे आणि एका थेरपिस्टकडे किती मुले असावीत हे राज्य आणि स्थानिक शिक्षणमंडळे ठरवतात. म्हणजे एकाच व्यवसायाचे भवितव्य पन्नास ठिकाणी वेगवेगळे ठरत असते. प्रत्येक राजधानीत राष्ट्रीय संस्थेचा माणूस बसवणे परवडणारे नाही. त्यामुळे राज्य संघटना उभ्या राहिल्या, ज्यांचे पदाधिकारी बिनपगारी असतात आणि ज्यांची विधेयक समिती संध्याकाळच्या फोन-बैठकांवर चालते. ज्यांना परवडते त्या एखादा अर्धवेळ लॉबिस्ट ठेवतात. या संघटनांमधून निवडलेल्या प्रतिनिधींची तीन जाळी ‘आशा’ने विणली आहेत: एक मेडिकेअरसाठी, एक खासगी विम्याच्या परताव्यासाठी आणि एक शाळांसाठी.

भारतीय वाचकाला ही रचना अपरिचित वाटेल, कारण आपल्याकडे चित्र उलटे आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आणि स्पीच थेरपिस्टची नोंदणी एकाच केंद्रीय परिषदेकडे दिली. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा झाला. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी त्या आयोगाकडे गेल्या, वाचा-श्रवण तज्ज्ञांची नोंदणी मात्र पुनर्वास परिषदेकडेच राहिली. हा व्यवसाय आरोग्याचा की अपंग पुनर्वसनाचा, हा प्रश्न त्यामुळे आपल्याकडे दिल्लीत, एकाच दारात विचारावा लागतो. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतून शिकून निघालेल्या ऑडिओलॉजिस्टला मुंबईतल्या आपल्या आमदाराकडे जाण्याचे कारण फारसे पडत नाही. अमेरिकेत ते रोजचेच पडते.

एक पान आणि दोन मिनिटे

या कामाचे स्वरूप बाहेरून वाटते तितके भव्य नाही. अधिवेशनाच्या काळात संघटना एक दिवस ठरवते. शाळेतली थेरपिस्ट, जिच्या यादीत पन्नासेक मुले असतात, बदलीची सोय लावून राजधानीला जाते. हातात एका पानाचे निवेदन असते, ज्यात विधेयकाचा क्रमांक, मागणी, तिचा खर्च आणि त्या आमदाराच्या मतदारसंघातला एक आकडा असतो. पानाच्या मागची बाजू बहुधा कोरी ठेवतात, कारण उलटून कुणी वाचत नाही. आमदार भेटतोच असे नाही. पुष्कळदा पंचविशीतला एखादा साहाय्यक भेटतो आणि आरोग्य, शिक्षण, शेती असे सगळे विषय तोच पाहत असतो. समितीपुढे साक्ष द्यायची तर दोन-तीन मिनिटे मिळतात, आणि तीही दिवसभर बाकावर बसल्यावर. टेक्सासचे विधिमंडळ तर दोन वर्षांतून एकदाच, विषम सालात, जास्तीत जास्त १४० दिवस भरते. एक संधी हुकली की पुढची दोन वर्षे भिजत घोंगडे.

लष्कराच्या भाकऱ्या म्हणावे असे हे काम असले, तरी त्याला कायद्याची चौकट आहे. करमुक्त धर्मादाय संस्थेला लॉबिंगवर किती खर्च करता येईल याला मर्यादा आहेत. व्यावसायिक संघटनांना तशी मर्यादा नाही, पण १९९३ च्या कायद्यापासून वर्गणीतला लॉबिंगचा हिस्सा सभासदाला करातून वजा करता येत नाही आणि संघटनेला तो कळवावा लागतो. स्वयंसेवकाच्या वेळेला मात्र बाजारभाव नसतो. या चळवळीची खरी गुंतवणूक त्यामुळे कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

बचावाचे काम नवे मिळवण्याच्या कामापेक्षा जास्त असते, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. टेक्सासमध्ये ठरावीक वर्षांनी प्रत्येक सरकारी मंडळाला ‘तुझी गरज काय?’ असे विचारून तपासण्याची पद्धत आहे. २०१५ च्या कायद्याने वाचा-श्रवण तज्ज्ञांचा परवाना आरोग्य खात्याकडून काढून, वेगवेगळ्या धंद्यांचे परवाने देणाऱ्या सर्वसाधारण खात्याकडे नेला आणि आधीचे मंडळ सल्लागार म्हणून उरले. अशा वेळी संघटनेला नवे काही मिळवायचे नसते. आहे ते अंगावरून घसरू नये एवढीच धडपड असते.

जिथे मागणी आणि गरज एकत्र आल्या

थेरपीच्या मर्यादेचा लढा हे या पद्धतीचे सर्वांत लांबलेले उदाहरण. मर्यादा १९९९ मध्ये लागू झाली, २००० पासून तात्पुरती स्थगित झाली, २००३ मध्ये काही महिने परत आली, पुन्हा स्थगित झाली. २००६ पासून ‘गरज सिद्ध केल्यास अपवाद’ अशी पळवाट निघाली आणि ती पळवाट दर एक-दोन वर्षांनी संसदेत नव्याने मुदतवाढ मागू लागली. अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये मर्यादा रद्द झाली. वीस वर्षांत खासदार बदलले, त्यांचे साहाय्यक तर कितीदा बदलले असतील. तीच गोष्ट तितक्याच शांतपणे नव्या माणसाला पुन्हा सांगणारे कुणीतरी मतदारसंघात असणे, ही या लढ्याची गरज होती आणि पगारी लॉबिस्टपेक्षा स्थानिक थेरपिस्ट ती स्वस्तात आणि पटेल अशा रीतीने भागवू शकते. दरम्यान २००८ च्या कायद्याने दुसरे एक जुने वैगुण्य दूर केले. फिजिओथेरपिस्टला मेडिकेअरकडे स्वतःच्या नावाने बिल पाठवता येत होते, स्पीच थेरपिस्टला नव्हते. जुलै २००९ पासून तिलाही ते पाठवता येऊ लागले.

नवजात बाळांच्या श्रवणतपासणीची कथा याहून समाधानाची आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दहातल्या एका बाळाचीही जन्मतः श्रवणतपासणी होत नव्हती. बहिरेपण लक्षात यायला मूल दोन-अडीच वर्षांचे व्हावे लागे, म्हणजे भाषा शिकण्याचा सर्वांत मोलाचा काळ निघून जाई. हवाई आणि ऱ्होड आयलंड ही राज्ये पुढे सरसावली. १९९३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या तज्ज्ञ परिषदेने सर्व बाळांच्या तपासणीची शिफारस केली. १९९८ मध्ये कोलोराडोतल्या संशोधनाने दाखवले की सहा महिन्यांच्या आत निदान होऊन मदत सुरू झालेली मुले भाषेत स्पष्टपणे पुढे राहतात. १९९९ मध्ये खासदार जेम्स वॉल्श यांच्या पुढाकाराने केंद्राचे अनुदान आले, आणि आज ९८ टक्क्यांच्या आसपास बाळांची तपासणी होते. संशोधन, पालक, बालरोगतज्ज्ञ आणि ऑडिओलॉजिस्ट एकाच बाजूला उभे होते, विरोधात उभे राहण्याचे कारण फारसे कुणाला नव्हते. तिसरे उदाहरण आंतरराज्य कराराचे. एका राज्याच्या परवान्यावर दुसऱ्या राज्यात काम करता यावे यासाठी ‘आशा’ आणि राज्य सरकारांच्या परिषदेने मसुदा केला, पण तो प्रत्येक विधिमंडळात स्वतंत्रपणे मंजूर व्हायला हवा होता. अमलासाठी लागणारी दहा राज्ये २०२१ मध्ये झाली, २०२४ पर्यंत ती तिसाच्या पुढे गेली. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या सैनिकांच्या जोडीदारांना आणि ऑनलाइन उपचार घेणाऱ्या खेड्यांतल्या रुग्णांना त्याचा लाभ सांगणे सोपे होते.

जिथे वाटा फुटल्या

श्रवणयंत्रांच्या प्रश्नात मात्र चित्र बदलले. २०१३ च्या आसपास यंत्रांच्या जोडीला सरासरी ४,७०० डॉलर पडत, आणि मेडिकेअरच्या १९६५ च्या मूळ कायद्यातच श्रवणयंत्रे वगळलेली असल्याने बहुतेक वृद्धांना ते खिशातून द्यावे लागत. यंत्राची गरज असलेल्या सत्तरीपुढच्या लोकांतले तीसएक टक्केच ते वापरत. २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागारांनी आणि २०१६ मध्ये राष्ट्रीय अकादमीने सुचवले की सौम्य ते मध्यम श्रवणदोषासाठी यंत्रे दुकानात थेट मिळावीत. एलिझाबेथ वॉरेन आणि चक ग्रासली या परस्परविरोधी पक्षांच्या सिनेटरांनी तसे विधेयक आणले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये ते कायदा झाले. नियमांचा तपशील ठरायचा होता, तेव्हा ऑडिओलॉजिस्टच्या आणि यंत्रविक्रेत्यांच्या चार संघटनांनी एकत्र निवेदन देऊन यंत्राची आवाज वाढवण्याची क्षमता २५ डेसिबलवर आणि कमाल आवाज ११० डेसिबलवर रोखावा, असे सुचवले.

त्यांची बाजू समजून घेण्याजोगी आहे. कानात मळ साचल्यानेही ऐकू कमी येते आणि श्रवणमज्जातंतूवर गाठ असल्यानेही. माणसाला आपला दोष सौम्य आहे की गंभीर हे स्वतः कळत नाही, आणि जास्त आवाजाने उरलेले श्रवणही बिघडू शकते. पण त्याच वेळी हेही खरे होते की यंत्र विकणे आणि बसवणे हा पुष्कळ ऑडिओलॉजिस्टच्या उत्पन्नाचा मोठा भाग होता. वृद्धांच्या संघटना आणि श्रवणदोष असलेल्यांच्या संघटना स्वस्त यंत्राच्या बाजूने बोलत असताना ‘रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी’ हे शब्द आपल्या पोळीवर तूप ओढण्यासारखे ऐकू येऊ लागले, मग ते बोलणाऱ्याचा हेतू कितीही स्वच्छ असो. अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये अंतिम नियम काढला. त्यात कमाल आवाज साधारणपणे १११ डेसिबल, ठरावीक तंत्र असल्यास ११७. क्षमतेची वेगळी मर्यादा घातलीच नाही. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून १८ वर्षांवरील कुणीही डॉक्टरच्या चिठ्ठीविना ही यंत्रे घेऊ लागला. संघटनांची निम्मी मागणी, म्हणजे आवाजाची कमाल मर्यादा, जवळजवळ मान्य झाली. जी अमान्य झाली ती नेमकी अशी होती की तिच्यामुळे दुकानातले यंत्र निरुपयोगी ठरले असते. हा निकाल मला न्याय्य वाटतो.

आक्षेप

पहिला आक्षेप अर्थशास्त्रज्ञांचा. परवाना म्हणजे आत असलेल्यांनी बाहेरच्यांसाठी बंद केलेले दार, असे त्यांचे म्हणणे. १९५० च्या दशकात पाच टक्क्यांहून कमी अमेरिकी कामगारांना राज्याचा परवाना लागत असे. २०१५ च्या व्हाइट हाउसच्या अहवालानुसार ते प्रमाण पंचवीस टक्क्यांवर गेले होते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने नॉर्थ कॅरोलायनाच्या दंतवैद्यक मंडळाविरुद्ध निकाल दिला. दात पांढरे करून देणाऱ्या बिगर-दंतवैद्यांना या मंडळाने रोखले होते. धंद्यातलेच लोक मंडळावर बहुसंख्य असतील आणि सरकारची प्रत्यक्ष देखरेख नसेल, तर स्पर्धा कायद्यापासून त्यांना संरक्षण नाही, असे न्यायालय म्हणाले. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. मात्र सगळे परवाने एका मापाने मोजणेही बरोबर नाही. गिळण्याचा त्रास असलेल्या रुग्णाला कोणत्या घट्टपणाचे पातळ पदार्थ द्यावेत हे चुकले, तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. दात पांढरे करण्यात एवढे पणाला लागत नाही. शिवाय आंतरराज्य करार हा दार उघडण्याचा प्रयत्न आहे आणि तोही याच संघटनांनी केला, हे विसरू नये.

दुसरा आक्षेप कान-नाक-घसा तज्ज्ञांचा. ऑडिओलॉजिस्टकडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय जाता येऊ नये, कारण बहिरेपणामागचा आजार ओळखणे हे वैद्यकाचे काम आहे, असे त्यांची संघटना सातत्याने मांडते. ऑडिओलॉजिस्ट उत्तर देतात की माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत थेट भेट कित्येक वर्षे चालू आहे. २०२३ पासून मेडिकेअरनेही बारा महिन्यांतून एकदा, तातडीचा नसलेला त्रास असेल तर, चिठ्ठीविना काही तपासण्या करून घेण्याची मुभा दिली. ती संसदेने नव्हे, प्रशासनाने नियमातून दिली. कधीकधी विधिमंडळाच्या मागच्या दाराशीच जास्त काम होते.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड, आणि तो बधिर समाजाकडून येतो. आमच्याबद्दलच्या कायद्यांत आमच्या वतीने थेरपिस्ट का बोलतात? २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाने बधिर मुलांची पाच वर्षांपर्यंतची भाषिक प्रगती खुणेच्या भाषेत, इंग्रजीत किंवा दोन्हींत मोजण्याचा कायदा केला. त्यामागची प्रेरणा बधिर कार्यकर्त्यांची होती, व्यावसायिकांची नव्हे. ऐकणे-बोलणे यांवर भर देणाऱ्या काही व्यावसायिकांना त्यात खुणेच्या भाषेकडे कल दिसला. व्यावसायिकाला ‘दुरुस्ती’ दिसते तिथे बधिर माणसाला आपली भाषा दिसते, हा भेद एका पानाच्या निवेदनात मावत नाही. त्यात भर म्हणजे स्पीच थेरपिस्टमध्ये सुमारे ९५ टक्के महिला आहेत आणि ‘आशा’च्या दहापैकी नऊहून अधिक सदस्य श्वेतवर्णीय आहेत. बिनपगारी दिवस काढून राजधानीला जाणे कुणाला परवडते, याने ही निवड आणखी आकसते. स्वयंसेवा सर्वांना खुली असते हे खरे. पण खुले दार आणि दारापर्यंत पोचण्याची ऐपत या वेगळ्या गोष्टी.

जे अजून ठरलेले नाही

यशाचे श्रेय मोजणे हा एक अनुत्तरित प्रश्न आहे. थेरपीची मर्यादा रद्द झाली ती फिजिओथेरपिस्टच्या मोठ्या संघटनेमुळे, अर्थसंकल्पाच्या तडजोडीमुळे की रजा टाकून गेलेल्या थेरपिस्टमुळे, हे वेगळे काढता येत नाही. स्वयंसेवकांनी काय थांबवले, याचा तर पुरावाच उरत नाही. मेडिकेअरमध्ये श्रवणयंत्रे आणण्याची तरतूद नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाली, सिनेटमध्ये अडली आणि २०२२ च्या अंतिम कायद्यातून गळाली. ऑडिओलॉजिस्टना मेडिकेअरमध्ये केवळ तपासणीचे नव्हे, उपचाराचेही पैसे मिळावेत आणि चिठ्ठीची अट जावी यासाठीचे विधेयक २०१९ पासून प्रत्येक संसदेत मांडले जाते. त्याआधी तीन संघटनांची तीन वेगवेगळी विधेयके होती आणि खासदार त्यांना विचारत की आधी तुमचे आपसात काय ते ठरवा. ते ठरले, तरी विधेयक अजून कायदा झालेले नाही. आणि १९७२ च्या त्या व्याख्येचा परिणाम अजून उरला आहे. २०१८ मध्ये कडक मर्यादा गेली, पण तिच्या जागी एक उंबरठा आला, ज्याच्या पुढे प्रत्येक बिलावर ‘हा उपचार आवश्यक आहे’ अशी खूण करावी लागते. २०२५ मध्ये तो २,४१० डॉलर होता, फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी मिळून.